राजाचा नवस

भिकाजी मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हे मला त्यांच्या दुकानात दुसऱ्यांदा गेले तेव्हाच कळलं, आणि त्याचा रागही आला. आदल्याच आठवड्यात ब्लाउजचं माप देऊन गेलेली बाई दारात उभी आहे आणि हे गृहस्थ चष्म्यावरून बघत विचारतात, "काय व्हया?"

"ब्लाउज."

"कोणाचो?"

"माझा! कोणाचा म्हणजे काय?"

मग त्यांनी मला जरा वळायला सांगितलं, पाठमोरे खांदे पाहिले आणि एकदम हसले. "हां, वरच्या माळ्यावरची वैनी. आता वळाखलंय. तोंडां माका ध्यानात रवनत नाय, खांदे रवतत."

आम्ही बहरीनला गेलो ती पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. ह्यांना तिथल्या एका बँकेत नोकरी लागली होती आणि मनामाच्या जुन्या बाजारातल्या एका गल्लीत, मास्तरांच्या दुकानाच्या बरोबर वर, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. सकाळी मी चहा टाकायची तेव्हा खाली त्यांचं मशीन सुरू झालेलं असायचं. नाशिकहून आलेल्या मला त्या गावात ओळखीचं म्हणावं असं काहीच नव्हतं. मशीनचा आवाज मात्र आमच्या शेजारच्या शिंप्याकडे यायचा तसाच यायचा, आणि सुरुवातीच्या दिवसांत मला त्याचा फार आधार वाटला.

मास्तर अंगाने किडकिडीत, पाठीत वाकलेले. गळ्यात टेप कायम. वाण्याकडे जातानाही ती काढत नसत. तोंडात टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं टाचण्यांमधून गाळून यायचं. गाव मालवणच्या आत, रस्ता संपल्यावरचं. ते सगळ्यांशी मालवणीतच बोलत. अरब यायचे थोब, म्हणजे त्यांचे पायघोळ झगे, शिवायला, गोऱ्या मडमा यायच्या फ्रॉक शिवायला, पठाण ड्रायव्हर यायचे फाटलेल्या शर्टाची बाही जोडून घ्यायला, आणि मास्तर सगळ्यांना एकाच सुरात सांगायचे, "गुरवारी येवा, खलास करून ठेवतंय." सगळे गुरुवारी यायचे. माझ्या मराठीला ते 'पुस्तकातली' म्हणत.

त्यांची कात्री मोठी, काळी, मुंबईहून येताना आणलेली. ती ते कुणाच्या हातात कधी देत नसत. मागितलीच तर टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घेवा." हातातून हातात कात्री दिली की दोघांत भांडण होतं हे आमच्या आईचंही मत होतं, म्हणून मी हसले नाही. रिकामी कात्री कुणी कचकच वाजवली तर मात्र ते असे दचकायचे की मलाच कसंतरी व्हायचं.

दुकानाच्या भिंतीवर देवीचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी एका मुलाचा. मुलाचा म्हणजे, मला तरी ती मुलगीच वाटली. दोन वेण्या, रिबिनी, टपोरे डोळे. अंगात शर्ट आणि चड्डी. मी कौतुकाने म्हटलं, "मुलगी गोड आहे हो तुमची. पण मुलाचे कपडे का घातलेत?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "झील माझो. वसंत."

मी जीभ चावली. आणि त्या दिवशी, टाचण्या एकेक करून उशीत खोचत, त्यांनी मला तो नवस सांगितला.

मास्तर पहिल्यांदा बहरीनला आले ते मुंबईहून लाकडी लाँचने, बायको पोटुशी असताना. मधल्या समुद्रात वादळ झालं. इंजिन बंद पडलं, लाँचमध्ये पाणी शिरलं. जो तो आपापल्या देवाला हाका मारत होता. मास्तरांनी गावच्या देवीला हाक मारली. "आई, माका जिवंत पोचव. घराकडे जा काय जन्माक येतला, तेचा जावळ मी तुझ्या जत्रेच्या दिवशी, तुझ्या समोर, माझ्या हातान काढतलंय. तवसर तेच्या डोक्याक कात्री लागाची नाय."

वादळ शमलं. लाँच किनाऱ्याला लागली. मुलगा झाला.

यात अडचण काय, असं मलाही वाटलं. अडचण अशी की त्या देवीच्या जत्रेला पंचांगातली तिथी नव्हती. थंडी पडल्यावर मानकरी देवीला कौल लावत, देवी सांगेल तो दिवस ठरे, आणि तो पुढच्या काही दिवसांतलाच असे. तिथून पत्र निघून बहरीनला पोचेपर्यंत जत्रा होऊन गेलेली असायची. आणि थंडी म्हणजे मास्तरांच्या कामाचा हंगाम. लग्नं, गोऱ्यांचा नाताळ, अरबांच्या सुट्ट्या. मास्तरांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा आणि दुकान होतं तो म्हातारा अरब, माणूस वाईट नव्हता. पण 'केव्हातरी, देवी सांगेल तेव्हा' अशी लीव्ह कोण देणार? तो उन्हाळ्यात सोडायचा, धंदा थंड असताना. उन्हाळ्यात गावाला जत्रा नसे.

म्हणून मास्तर उन्हाळ्यात घरी जायचे आणि मुलाची वेणी घालून परत यायचे. खरंच घालायचे. "अंगणात बसयतंय तेका, तेल लावतंय, दोन येण्यो घालतंय. माका येता," ते म्हणाले. हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता की रडू येत होतं, ते मला समजलं नाही.

मी तेव्हा तरुण होते आणि मला सगळ्याचं उत्तर येत असे. मी म्हटलं, "अहो मास्तर, देवीला कळत नाही का? गुरवाला सांगून कौल घ्या, नवस सोडवून घ्या. पोराचे हाल कशाला?"

"गुरव तयार आसा," मास्तर म्हणाले. "बायल पण सांगून ऱ्हवली. पण शब्द मी दिललो. पाण्यात आसताना एक बोलाचा आणि जमनीर इल्यावर दुसरा?"

पोराचे हाल होतच होते. शाळेत मुलं वेणी ओढायची. नाटकात त्याला हटकून मुलीचं काम मिळायचं. गावचा न्हावी त्याच्या डोक्याला हात लावायला धजत नसे, कारण नवस सगळ्या गावाला माहीत होता. वसंताने एकदा आईला विचारलं होतं, "बापूस माझ्यार रागावलो हा काय?" ते आईने मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांनी मला सांगितलं. सांगून झाल्यावर ते बराच वेळ कापडाला खडूने रेघा मारत बसले.

मुलाचे कपडे मात्र दरवर्षी इथून शिवून जायचे. मापासाठी बायको गावाकडून येणाऱ्या कुणाबरोबर दोरा पाठवायची. दोऱ्याला गाठी मारलेल्या असत. ही गाठ बाहीची, ही छातीची, ही उंचीची. खांद्यासाठी दोन वेगळ्या गाठी, कारण वसंताचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता. तो दोरा टेबलावर ताणून मास्तर कापड कापायचे. असे सगळे दोरे एका बरणीत ठेवलेले होते. मुलगा किती वाढला ते त्यांना त्या बरणीवरून कळायचं.

मी ज्या ऑफिसात टायपिस्ट होते तिथे एक इटालियन इंजिनिअर होता. त्याची बायको, सिन्योरा पाओला, पन्नाशीची, चांगली धिप्पाड बाई. तरुणपणी ती आपल्या गावच्या थिएटरात गायची. बहरीनमध्ये करायला काही नाही म्हणून ती कंटाळली होती, आणि कंटाळून तिने क्लबातल्या गोऱ्या मंडळींना जमवून एक जुना इटालियन ऑपेरा बसवायला घेतला. पियानोवर एक इंग्लिश मास्तरीण, राजाच्या कामात एक डॉक्टर, पुरोहिताच्या कामात एक डच दंतवैद्य. कपडे शिवायला माणूस हवा होता. मी मास्तरांचं नाव सुचवलं आणि दुभाषी म्हणून मधल्या मध्ये सापडले.

ऑपेरा म्हणजे काय हे मलाही धड ठाऊक नव्हतं. मी मास्तरांना 'संगीत नाटक' असं सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात त्याचा दशावतार केला. राजपुत्राचं काम स्वतः सिन्योरा करणार, जुन्या ऑपेरांत तरुण मुलाचं काम बाईच गाते, असं कळल्यावर मी तोंडाला पदर लावला. मास्तरांना काही वाटलं नाही. "आमच्या दशावतारात बापये बायांची कामां करतत. हेंच्यात उलटा."

पण माप घ्यायच्या आधी त्यांनी गोष्ट मागितली. "राजा जिंकललो की हरललो? हरलल्या राजाचे खांदे येगळे कापूचे लागतत. इचारा तेंका."

सिन्योरा खूशच झाली. दुकानातल्या स्टुलावर बसून, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, मध्येच गात तिने गोष्ट सांगितली आणि मी ती मराठीत सांगत गेले. ग्रीकांची जुनी कथा. एक राजा युद्ध जिंकून घरी परत येतो आहे. जहाज वादळात सापडतं. राजा समुद्राच्या देवाला म्हणतो, मला जिवंत किनाऱ्याला लाव, किनाऱ्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याचा तुला बळी देईन. वादळ शमतं. राजा वाळूवर पाय ठेवतो, आणि समोरून धावत येतो तो त्याचाच मुलगा.

इथपर्यंत बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण हे कुणाला सांगतो आहोत.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "फुडे?"

पुढे राजा मुलाकडे बघत नाही. बोलत नाही. त्याला दूर पाठवून वाचवू म्हणतो, आणि मुलाला वाटत राहतं की बाप आपल्यावर रागावला आहे. देव कोपतो, नगरावर संकटं येतात. शेवटी मुलाला सगळं कळतं आणि तो स्वतःच वेदीपाशी येऊन गुडघे टेकतो. पुरोहित त्याच्या केसांची एक बट कापतो. बळी द्यायच्या आधी तशी रीत असते. मग बापाच्याच हाताने बळी. आणि मग बाप चालत चालत समुद्रात जातो.

"झिलान काय केल्यान होता?" मास्तरांनी विचारलं.

मी विचारलं. सिन्योराने दोन्ही हात पसरले. "निएंते." काही नाही.

मास्तरांनी कपडे मन लावून शिवले. राजाचा झगा जांभळा, खांदे मुद्दाम जरा झुकते. पुरोहिताचा काळा. राजपुत्राचा शुभ्र, अरबांच्या थोबाच्या चांगल्यातल्या जपानी कापडाचा. तो घालून सिन्योरा आरशासमोर उभी राहिली आणि कुरकुरू लागली की डावीकडे झगा उतरतो आहे, खांदा बसत नाही. मास्तरांनी टेप लावून पाहिली. घेर सिन्योराचा होता, पण डावा खांदा त्यांच्या हाताने वसंताचा कापला होता. त्यांनी शिवण उसवली.

शेवटची तालीम एका शुक्रवारी दुपारी क्लबाच्या हॉलमध्ये होती. बटणं, नाड्या बघायला मास्तर बाजूला उभे होते, मी त्यांच्याजवळ. शेवटचा प्रवेश आला. सिन्योरा गुडघ्यांवर बसली. केस मोकळे सोडले होते. मी तिला एरवी हसत होते, पण ती गायला लागली आणि मला ती पन्नाशीची बाई दिसेनाशी झाली. समोर एक मुलगा होता आणि तो बापाला सांगत होता की मी भीत नाही. भाषा कळत नव्हती तरी तेवढं कळत होतं. दंतवैद्याला हातात काहीतरी हवं होतं. त्याने टेबलावरची मास्तरांची कात्री उचलली आणि सिन्योराचे केस मुठीत धरले.

"थांब रे!"

मास्तर स्टेजवर होते. गळ्यात टेप, पायात चपला. त्यांनी दंतवैद्याचं मनगट धरलं होतं. पियानो थांबला. डॉक्टर राजा तोंड उघडं टाकून उभा. मी धावले.

"सांगा तेंका," मास्तर मला म्हणाले. "केस कापूचे नाय. नवस बापाशीचो. बापूस फेडीत. पोराच्या डोक्याक हात लावचो नाय."

सिन्योरा आधी भडकली. तालीम मोडली म्हणून इटालियनमध्ये खूप काही बोलली, ते मला भाषांतरित करावं लागलं नाही. मग तिने विचारलं हा माणूस असं का करतो आहे, आणि मी तिला सांगितलं. भिंतीवरचा फोटो, वेण्या, जत्रा, सगळं. ती वेदीच्या पायरीवरच बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर मास्तरांकडे बोट करून म्हणाली, "ह्याला सांग. ह्या राजाला देवाचं ऐकू येतं, स्वतःचं ऐकू येतं, फक्त मुलाचं ऐकू येत नाही. हाही तसलाच मूर्ख."

मी 'मूर्ख' तेवढं गाळलं. पण मास्तरांना कळलं असावं.

प्रयोग झाला. टाळ्या पडल्या. दंतवैद्याने बट कापल्याचं नुसतं नाटक केलं. मास्तर आले नव्हते. ते कफीलकडे बसले होते. कफील म्हणाला, हंगाम संपू दे, मग जा, इंशाल्ला. मास्तर म्हणाले, "इंशाल्ला मफी. आता." मास्तरांच्या तोंडून 'मफी', म्हणजे 'नाही', ऐकायची कफीलला सवय नव्हती. त्याने पासपोर्ट काढून दिला आणि परत आलास तर दुकान असेलच असं नाही, असंही सांगितलं. मास्तरांनी ठरवलं होतं की पत्राची वाट बघायची नाही. गावात जाऊन बसायचं. देवी सांगेल तो दिवस सांगेल. जाताना ते कात्री फडक्यात गुंडाळून घेऊन गेले.

त्या वर्षी देवीने दिवस लवकरचा दिला. मास्तर एस्टीतून उतरले तेव्हा देवळापुढच्या माळावर दुकानदार मांडव सोडत होते. जत्रा आदल्या दिवशी झाली होती.

पुढचं मास्तरांनी मला परत आल्यावर सांगितलं, एका दमात नाही, तुकड्यातुकड्याने. कुणीतरी मुंबईहून निरोप पोचवला होता की तुमचा बाप निघाला आहे. म्हणून जत्रेच्या दिवशी वसंत सकाळपासून देवळाच्या पायरीवर बसला, इथून शिवून गेलेला नवा शर्ट घालून. आईने जेवायला बोलावलं तर उठला नाही. माणसं येत होती, नवस फेडत होती, नारळ फुटत होते. ऊन उतरलं. मग तो उठला, नारळाच्या दुकानातून कातर मागून घेतली आणि देवीच्या समोर उभं राहून आपल्या दोन्ही वेण्या स्वतः कापल्या. वेण्या पायरीवर ठेवल्या. मिसरूड फुटायला लागलेला मुलगा तो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने मामाकडे मुंबईला गेला. त्याची एस्टी आणि मास्तरांची एस्टी वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

मास्तर मुंबईला मेव्हण्याकडे गेले. वसंत घरी आला नाही. मास्तर बसून राहिले, तो बाहेरच राहिला. मास्तरांचं विमान उडाल्यावर आला, असं नंतर मेव्हण्याने कळवलं.

कफीलने दुकान ठेवलं होतं. बोलतात तसे वागत नाहीत, असेही लोक असतात. मास्तर पुन्हा मशीनवर बसले. वेण्या त्यांनी फडक्यात बांधून खणात ठेवल्या होत्या. आणि तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या डोक्याला कात्री लावायची सोडली.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "नवस फिटलो नाय. आता तो माझ्या डोक्यार."

"मग फिटणार कधी?"

"झील येतलो. तेच्या हातान."

वर्षं गेली. केस खांद्यावर आले, पाठीवर आले, पांढरे झाले. मास्तर त्यांची मानेवर गाठ मारायचे. अरब गिऱ्हाइकं त्यांना कसलेतरी साधुपुरुष समजू लागली आणि अदबीने वागू लागली. सिन्योरा इटलीला परत गेली. जाण्यापूर्वी दुकानात येऊन तिने मास्तरांच्या टेबलावर त्या ऑपेराची कॅसेट ठेवली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. ती कॅसेट दुकानात रोज वाजायची. बाहेर बाजारात मसाल्याची पोती, हातगाड्या, 'यल्ला यल्ला'चा गलका, आणि आत मशीनच्या खटखटीबरोबर कुणीतरी इटालियन राजा टाहो फोडतो आहे. लोक विचारायचे, हे काय? मास्तर गोष्ट सांगायचे. पण शेवटचा प्रवेश आला की उठून कॅसेट बंद करायचे. गोष्टही तिथेच थांबवायचे.

आम्ही पुढे उम्म अल हस्समला फ्लॅट घेतला, पण ब्लाउज मी मास्तरांकडेच टाकायची. एकदा अशीच गेले होते. आमची मुलगी बरोबर होती. ती इंग्रजी शाळेतली. तिला मास्तरांचं एक अक्षर कळत नसे, पण त्यांचे केस फार आवडायचे. मास्तर एका तरुणाचं शर्टाचं माप घेत होते. काळासावळा, जाड मिशी, बारीक कापलेले केस. अंगात मुहर्रकच्या विमानतळावरच्या लोडरचा गणवेश. बोलत फारसा नव्हता. जे बोलला ते मालवणी होतं, म्हणून मास्तर खुशीत होते.

"ह्या काय लावल्यात?" त्याने कॅसेटकडे बघून विचारलं.

मास्तर लागलेच सांगायला. राजा, वादळ, नवस, किनारा. त्याची छाती मोजत, बाही मोजत. तो तरुण ताठ उभा राहून ऐकत होता.

"आणि झील?" तो म्हणाला. "झील काय बोललो बापाशीक?"

"काय म्हायत नाय," मास्तर म्हणाले. "गाता खूप. पण इटालियनीत गाता, माका कळना नाय."

ते त्याच्या पाठीमागे गेले आणि खांद्यावर टेप ठेवली. "डावो खांदो उतरतो हां तुझो. बरो केलंस इलंस. तयार शर्ट तुका बसाचो नाय."

असं म्हणाले आणि त्यांचा हात तिथेच राहिला. तरुण हलला नाही. मग पुढे बघतच म्हणाला, "केवा येवू?"

"गुरवारी," मास्तर म्हणाले. सवयीने म्हणाले.

तो निघून गेला. मास्तर टेप हातात घेऊन उभे होते. मग त्यांनी फळीवरची बरणी काढली. त्यांना झाकण उघडेना, ते मी उघडून दिलं. शेवटचा दोरा काढून त्यांनी टेपशेजारी ताणला. दोरा बराच लहान पडत होता, मुलगा त्यानंतर वाढला होता. पण खांद्याच्या दोन गाठींमधलं अंतर, म्हणजे डाव्या खांद्याचा उतार, तेवढंच होतं. मास्तर दुकान उघडं टाकून रस्त्यावर धावले. गल्लीत माणसंच माणसं होती, आणि चेहऱ्यावरून शोधायचं त्यांना कुठे येत होतं?

त्या गुरुवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मी मुहर्रकला जाऊन विचारून येते म्हटलं, तर मास्तरांनी मला हात जोडले. "नको. तेका येवक व्हया तर येतलो." शर्ट शिवून, इस्त्री करून, देवीच्या फोटोखाली खुंटीला टांगलेला होता.

ह्यांची बदली झाली आणि आम्ही बहरीन सोडायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेवटचे ब्लाउज आणायला आणि निरोप घ्यायला गेले. मास्तर पाठमोरे बसले होते.

"मास्तर, येऊ का?"

ते वळले. माझ्याकडे अनोळखी बघितलं. मी पाठ फिरवून खांदे दाखवले. "हां, वैनीनू," ते म्हणाले. मी पुन्हा वळले, आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांचे केस नव्हते. म्हणजे होते, पण भलतेच. एका बाजूला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूला कानाच्या खाली, मागे पायऱ्या पायऱ्या. मध्येच एक टक्कल पडल्यासारखी जागा. खुंटीवर शर्ट नव्हता.

मला कळलं. पण मला बाई गप्प बसवत नाही. "आला होता?"

"इलो होतो."

"काय म्हणाला?"

"कायच बोलना नाय. टेबलावरची कात्री उचलल्यान. मी खुर्चेर बसलंय. पाठीमागे उभो रवलो आणि कापूक लागलो." मास्तरांनी मानेवर बोट ठेवलं. "कात्रेचा पाता थंड लागत होता. माका मानेक कळत होता."

"आणि मग?"

"शर्ट घातल्यान आणि गेलो. बरोबर बसलो, वैनीनू. डावो खांदो पण बसलो."

"परत येणार आहे का?"

"मी इचारलंय नाय."

मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. मला रडायला येत होतं आणि मला रडू आलं की मी काहीतरी खवचट बोलते. म्हणून म्हटलं, "पण काय हो हे कापलंय! शिंप्याचा मुलगा ना? त्याला कात्री धरताही येत नाही?"

मास्तरांनी डोक्यावरून हात फिरवला. उंचसखल केसांवरून, सावकाश, पुढून मागे. कॅसेट चालू होती. शेवटचा प्रवेश लागला होता आणि त्यांनी तो बंद केला नव्हता.

"कशी येतली, वैनीनू?" ते म्हणाले. "तेका शिकवूक मी थय होतंय खय?"